शेवाळाचे बेणे आणि बदलता समुद्र

चायनाग्रास हे नाव तुमच्या ओळखीचे असेल. दूध उकळून त्यात ते विरघळवले आणि ताटात ओतून गार केले, की मऊ, थरथरणारी वडी तयार होते. नावात ‘ग्रास’ म्हणजे गवत असले, तरी हे गवत कोणत्याही कुरणात उगवत नाही. ते समुद्रातील तांबड्या शेवाळापासून काढलेले सत्त्व आहे. प्रयोगशाळेत जंतू वाढविण्यासाठी काचेच्या बशीत जो घट्ट थर ओततात, तोही याच सत्त्वाचा. तेथे त्याला अगर म्हणतात. दुसऱ्या एका तांबड्या शेवाळापासून कॅरॅगीनन नावाचा पदार्थ निघतो. आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे होऊ नयेत, टूथपेस्ट नळीतून सुबक बाहेर यावी, चॉकलेटच्या दुधातली भुकटी तळाशी बसू नये, म्हणून तो घालतात. आणि आपले द्राक्षबागायतदार वेलींवर ज्या ‘सीवीड’ची फवारणी करतात, तो तर समुद्रशैवालाचा अर्कच होय.

सांगायचा मुद्दा असा, की समुद्रापासून दोनशे मैल दूर राहणाऱ्या माणसाच्या घरातही शेवाळ पोहोचलेले आहे. आणि हे शेवाळ आता केवळ खडकांवरून खरवडून आणलेले नसते. त्याची रीतसर शेती होते. जगात दरवर्षी ओल्या वजनाने सुमारे साडेतीन कोटी टन समुद्रशैवाल पिकते. त्यातील निम्म्याहून अधिक एकटा चीन पिकवतो; त्याच्या मागोमाग इंडोनेशियाचा क्रम लागतो. नांगर नाही, विहीर नाही, खताची गोणी नाही, अशी ही शेती आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यालाही ती करता येते.

मग हिला काळजी कसली, असे तुम्ही विचाराल. पाऊस पडो न पडो, समुद्र काही आटत नाही. हे खरे, परंतु समुद्र आटला नाही तरी तो बदलू शकतो. तो तापतो आहे आणि त्याच्या पाण्याचा गुणही पालटतो आहे. या दोन बदलांनी शेवाळाच्या पिकावर काय परिणाम होतो, हे आज आपण पाहू.

प्रथम ही शेती होते कशी, ते पाहा. आपल्या देशात तिचे मुख्य ठिकाण म्हणजे तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्याचा किनारा, मंडपमच्या आसपासचा भाग. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने १९८४ मध्ये कप्पाफायकस नावाच्या तांबड्या शेवाळाचे थोडेसे बेणे परदेशातून आणले. संस्थेच्या मंडपम येथील केंद्रात त्याच्यावर प्रयोग झाले, आणि २००० नंतर किनाऱ्यावर त्याची व्यापारी लागवड सुरू झाली. बांबूचा बारा फूट लांब आणि तितकाच रुंद तराफा करतात. त्यावर आडव्या दोऱ्या ताणतात. प्रत्येक दोरीला शेवाळाचे मूठ-मूठ तुकडे बांधतात. एका तराफ्याला सुमारे साठ किलो बेणे लागते. खालून मासे खाऊ नयेत म्हणून जाळे लावून तराफा उथळ पाण्यात नांगरतात. पंचेचाळीस दिवसांत पीक तीन-चार पट होते. त्यातले साठ किलो पुन्हा बेण्यासाठी राखून ठेवायचे, बाकीचे वाळूवर किंवा मांडवावर वाळवायचे आणि विकायचे. सुमारे दहा किलो ओले शेवाळ वाळून एक किलो होते. हे काम करणाऱ्यांत मच्छीमार घरांतील स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. बचतगट करून त्यांनी तराफे घेतले आणि वर्षातून अनेक वेळा हाती रोख पैसा येऊ लागला.

येथे उसाची लागण करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे शेवाळ बियांपासून उगवत नाही. उसाच्या कांडीपासून ऊस होतो, तसे तुकड्यापासून शेवाळ होते. म्हणजे सारे पीक मुळात एकाच झाडाचे तुकडे. वर्षानुवर्षे तेच बेणे फिरत राहिले की ते थकते. उसाच्या बाबतीत आपण ‘बेणे बदला’ म्हणतो, ते याचसाठी. शिवाय सगळ्यांचे रक्त एकच असल्यामुळे एकाला जे मानवणार नाही, ते कोणालाच मानवणार नाही. हा मुद्दा पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

मंडपमच्या किनाऱ्यावरचे उत्पादन २००१ मध्ये वाळलेले असे जेमतेम एकवीस टन होते. २०१३ पर्यंत ते सुमारे दीड हजार टनांवर गेले. आणि त्याच वर्षापासून पीक मरू लागले. दोरीवरचे शेवाळ पांढरे पडायचे, मऊ व्हायचे, तुटून पाण्यात पडायचे. उत्पादन झपाट्याने खाली आले. अनेक कुटुंबांनी तराफे सोडले. पुढच्या लागणीला बेणे मिळेना, हे तर सर्वांत वाईट. कारण ज्या शेतीत पीक हेच बेणे असते, तेथे पीक गेले की घरची कणगीही गेली. अभ्यासकांनी या मरीचे कारण शोधले, तेव्हा समुद्राच्या पृष्ठभागावरचे वाढलेले तापमान हे प्रमुख कारण म्हणून पुढे आले. रोगराई आणि एकाच बेण्यावरची भिस्त यांनी त्यात भर घातली.

आता तापमानाचे गणित समजून घेऊ. शेवाळ हे झाडासारखेच सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करते. ती त्याची जमा. आणि ते दिवसरात्र श्वसन करते, त्यात अन्न जळते. तो त्याचा खर्च. जमा वजा खर्च म्हणजे वाढ. पाणी थोडे उबदार झाले तर दोन्ही कामे जलद होतात आणि जमेची बाजू वरचढ राहते; पीक चांगले वाढते. परंतु अन्न तयार करण्याच्या यंत्रणेला एक मर्यादा आहे. त्या मर्यादेपलीकडे ती मंदावते आणि अखेर बिघडते. श्वसनाचा खर्च मात्र वाढतच जातो. उत्पन्न घटले आणि खर्च वाढला, की संसाराचे जे होते तेच शेवाळाचे होते. ते साठवलेले अन्न खाऊ लागते, खंगते, आणि मग कोणताही क्षुल्लक जंतू त्याला पुरेसा होतो.

कप्पाफायकसला साधारण पंचवीस ते तीस अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. त्याच्या वर दोन-तीन अंश चढले आणि ते काही दिवस टिकले, की त्याच्या फांद्यांवर पांढरे पट्टे दिसू लागतात. फिलिपाइन्सच्या शेतकऱ्यांनी या रोगाला ‘आइस-आइस’ असे नाव दिले, कारण रोगट भाग बर्फासारखा पांढुरका दिसतो. मौज अशी, की बर्फाचे नाव असलेला हा रोग उष्णतेने बळावतो. केवळ उष्णतेनेच होतो असे नाही. मोठ्या पावसाने पाण्याचा खारटपणा एकाएकी उतरला किंवा प्रकाश कमी पडला, तरीही होतो. शेवाळ एकदा अशा कोणत्याही कारणाने अशक्त झाले, की जंतूंचा हल्ला होतो आणि फांदी त्या ठिकाणी तुटते. शिवाय पाण्याचे मान बदलले की त्याच्या अंगावर बारीक केसांसारखी दुसरी शेवाळे वाढतात. ती आंब्यावरच्या बांडगुळासारखी पिकाला जाच करतात.

येथे कोणी म्हणेल, ‘दोन अंशांचं काय एवढं? आमच्याकडे तर सकाळ-दुपारमध्ये वीस अंशांचा फरक पडतो!’ बरोबर आहे. पण हवा आणि पाणी यांत भेद आहे. पाणी हळू तापते आणि हळू निवते. म्हणून समुद्रातले जीव फार थोड्या फरकाला सरावलेले असतात. आपल्या शरीराचे उदाहरण घ्या. अंगाचे तापमान दोन अंशांनी चढले, तर आपण ‘ताप आला’ म्हणून अंथरूण धरतो. शेवाळालाही तसा ताप येतो, इतकेच. आणि हिंदी महासागर तापतो आहे याबद्दल आता शंका उरलेली नाही. भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठाचे तापमान १९५१ ते २०१५ या काळात सरासरी एक अंश सेल्सिअसने वाढले. जगातील समुद्रांची सरासरी वाढ याहून कमी, सुमारे ०.७ अंश आहे.

उष्णतेचा आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. समुद्राच्या तळाकडे थंड पाणी असते आणि त्यात नत्र, स्फुरद यांसारखी खते विरघळलेली असतात. वारा आणि लाटा ते घुसळून वर आणतात. पण वरचा थर फार तापला, की तो हलका होऊन दुधावरच्या सायीसारखा वर तरंगत राहतो आणि खालचे पाणी वर येणे कमी होते. शेतकऱ्याने पैसा खर्च न करता मिळणारे हे खत मग पिकाला कमी पोहोचते. समुद्राच्या शेतीत खताची गोणी नसते असे वर म्हटले; ती नसते, कारण समुद्र ती आपण होऊन देत असतो. तो देईनासा झाला तर आपण कोठून आणणार?

आता दुसऱ्या बदलाकडे वळू. माती-परीक्षणाच्या पत्रकावर ‘सामू’ असा एक आकडा असतो. सात म्हणजे उदासीन, सातच्या खाली आम्ल म्हणजे आंबट, सातच्या वर अल्क म्हणजे खारवट, चुनखडीसारखे. समुद्राच्या पाण्यालाही सामू असतो. कारखानदारीचे युग सुरू होण्यापूर्वी तो सरासरी ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे. म्हणजे समुद्र आंबट झालेला नाही, तो अजून अल्कच आहे. परंतु आंबटाच्या दिशेने सरकला आहे. याला समुद्राचे आम्लीकरण म्हणतात. ०.१ चा फरक नजरेत भरत नाही. पण सामूची मोजपट्टी नेहमीच्या फुटपट्टीसारखी नसते. तिच्यात एक घर खाली उतरले की आम्लता दहापट होते. त्या हिशेबाने ०.१ ने सामू उतरणे म्हणजे आम्लतेचा अंश सव्वापटीहून थोडा अधिक होणे. दुकानदाराने दर सव्वापट केला तर आपण ‘थोडासाच वाढला’ असे म्हणत नाही.

हे कशामुळे झाले? कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. सोयीसाठी आपण त्याला नुसते कर्बवायू म्हणू. पूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग असे. आता तो ४२० च्या वर गेला आहे. माणसाने सोडलेल्या या वायूपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. गोटी सोड्याच्या बाटलीत हाच वायू दाबून भरलेला असतो, आणि सोडा जिभेला किंचित आंबट लागतो तो त्यामुळेच. पाणी आणि कर्बवायू मिळून सौम्य आम्ल बनते. ते आम्ल समुद्रातील कार्बोनेट या द्रव्यावर खर्च होते आणि त्याचे बायकार्बोनेट बनते. शिंपले, कालवे आणि प्रवाळ आपली कवचे व सांगाडे कार्बोनेटापासून बांधतात. तेव्हा आम्लीकरण म्हणजे त्यांच्या घरबांधणीचा चुना कमी पडणे होय.

शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात दाखविता येईल. चुन्याची निवळी घ्या, तितकेच पाणी घालून ती सौम्य करा, आणि नळीने तिच्यात हळूहळू फुंकर मारा. निवळी तोंडात ओढायची नाही, हे मुलांना आधी बजावून ठेवा. प्रथम निवळी दुधासारखी पांढरी होईल. हा पांढरा गढूळपणा म्हणजे शिंपल्याच्याच जातीचे कार्बोनेट. बहुतेक वर्गांत प्रयोग येथे थांबतो. तुम्ही थांबू नका. धीर धरून फुंकत राहा. काही वेळाने गढूळपणा कमी होऊ लागेल आणि पाणी पुन्हा निवळेल. कर्बवायू जास्त झाला आणि तयार झालेले कार्बोनेट विरघळून गेले! समुद्रात जे फार सावकाश चालले आहे, त्याचा हा काचेच्या पेल्यातला नमुना समजा.

शिंपल्यांना आम्लीकरण बाधते हे ठीक. पण शेवाळाला कवच नसते. उलट कर्बवायू हे तर त्याचे अन्न. मग त्याला ही मेजवानीच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर ‘काही अंशी होय’ असे आहे.

समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या कर्बापैकी सुमारे नव्वद टक्के बायकार्बोनेटच्या रूपात असतो. मोकळा कर्बवायू शंभरात एक भागही नसतो. बायकार्बोनेट म्हणजे दाणे आणि मोकळा कर्बवायू म्हणजे तयार पीठ, असे समजा. बहुतेक शेवाळांकडे दाणे दळण्याचे जाते असते. ती बायकार्बोनेट फोडून त्यातला कर्ब घेतात. पण दळायला श्रम पडतात. पाण्यात मोकळा कर्बवायू वाढला तर ते श्रम वाचतात आणि वाचलेली शक्ती वाढीला लागते. ज्या थोड्या जातींकडे जातेच नाही, त्यांना तर अधिक लाभ. नोरी आणि अगर देणारे ग्रॅसिलारिया या शेवाळांवर प्रयोग झाले, तेव्हा जादा कर्बवायू दिल्याने त्यांची वाढ जलद झालेली आढळली. ज्यांचे जाते मुळातच उत्तम चालते, त्यांच्यात मात्र फारसा फरक पडत नाही. दाणे मुबलक आणि दळणारा तयार. त्याला आयत्या पिठाचे अप्रूप किती असणार?

म्हणून ‘आम्लीकरणाने शेवाळ मरते’ हे जसे खरे नाही, तसे ‘आम्लीकरणाने शेवाळाची चंगळ होते’ हेही खरे नाही. कर्ब वाढला तरी नत्र, स्फुरद, लोह आणि प्रकाश यांतले जे कमी असेल, त्याच्यापाशी वाढ अडते. ज्या शेताला पाणीच नाही त्याला दुप्पट युरिया टाकून काय उपयोग? आणि मुख्य म्हणजे हे दोन बदल वेगवेगळे येत नाहीत. कर्बवायू हवेत वाढतो म्हणून समुद्र तापतो, आणि तोच वायू समुद्रात उतरतो म्हणून आम्लता वाढते. एकाच बापाची ही दोन लेकरे आहेत. प्रयोगशाळेत नुसता कर्बवायू वाढवून पाहिला तर लाभ दिसतो. पण पाणी शेवाळाच्या सोसण्यापलीकडे तापले, की तो लाभ टिकत नाही. तापाने फणफणलेल्या माणसापुढे पंचपक्वान्नांचे ताट मांडले, म्हणून तो जेवत नाही. थंड पाण्यात, मर्यादेच्या पुष्कळ खाली राहणाऱ्या शेवाळाला थोडी ऊब आणि थोडा जादा कर्बवायू मानवेलही. पण जे पीक आधीच मर्यादेच्या काठावर उभे आहे, म्हणजे आपल्या उष्ण किनाऱ्यांवरचे पीक, त्याच्यासाठी उष्णता हाच मुख्य शत्रू आहे.

याचा सर्वांत बोलका दाखला आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील झांजिबार बेटाचा आहे. तेथे १९८९ मध्ये शेवाळाची शेती सुरू झाली. ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात खुंट्या ठोकून त्यांना दोऱ्या बांधायच्या आणि दोऱ्यांना तुकडे, अशी साधी रीत. वीस हजारांहून अधिक लोक या धंद्यात आले आणि त्यांतील दहांत आठ स्त्रिया होत्या. पूर्वी घराबाहेर कमाई नसलेल्या बायकांच्या हाती पैसा आला. मुलांची शाळा, घराचे छप्पर त्यातून झाले. पुढे २००० नंतरच्या वर्षांत कॉटोनी, म्हणजे मंडपमला लावतात तीच चांगल्या भावाची जात, तेथे तगेनाशी झाली. ओहोटीला उथळ झालेले पाणी उन्हाने तापत होते. मागे राहिली ती स्पायनोसम नावाची काटक जात, पण तिला भाव बराच कमी. तोच घाम आणि पैसा थोडा, अशी स्थिती झाली.

दार-ए-सलाम विद्यापीठाच्या समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. फ्लॉवर म्सूया या बाईंनी तेथे मोठे काम केले आहे. त्यांचा विचार सोपा होता. वरचे पाणी तापत असेल तर पीक खोल पाण्यात न्यावे. तेथे दोरीऐवजी नळीसारखी जाळी वापरून तिच्यात शेवाळ भरण्याची पद्धत त्यांनी स्त्रियांना शिकविली. जाळीत असल्यामुळे तुटलेला तुकडाही वाया जात नाही. पण पाहा, एका अडचणीतून दुसरी कशी निघते. खोल पाण्यात जायचे तर होडी हवी आणि पोहता यायला हवे. आयुष्यभर किनाऱ्यावर राहूनही यांपैकी बहुतेकींना पोहणे कधी शिकविलेच गेले नव्हते. तेव्हा शेवाळाच्या शेतीसाठी आधी पोहण्याची शिकवणी लागली. जोडीला, कमी भावाचे शेवाळ कच्चे विकण्याऐवजी त्याची भुकटी करून साबण बनविण्याचा उद्योगही त्यांनी उभा केला. शास्त्र, शिक्षण आणि धंदा यांची सांगड घातल्याखेरीज नुसत्या उपदेशाने शेतकरी तरत नाही, हे यावरून दिसते.

थंड पाण्याच्या देशांची अडचण वेगळी आहे. जपानी लोक भाताच्या वड्या ज्या काळ्या, कागदासारख्या पापुद्र्यात गुंडाळतात, ती नोरी. ती शेवाळाचीच असते. हे शेवाळ हिवाळ्यात पिकते आणि उन्हाळ्यात दिसेनासे होते. ते कोठे जाते हे शेकडो वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून त्याच्या शेतीला जुगारच समजत. १९४९ मध्ये कॅथलीन ड्रू-बेकर या इंग्रज संशोधिकेने दाखवून दिले, की उन्हाळ्यात ते शिंपल्यांच्या कवचात सूक्ष्म तंतूंच्या रूपाने राहते. या शोधावर जपानची आधुनिक नोरी-शेती उभी राहिली, आणि कृतज्ञ शेतकऱ्यांनी १९६३ मध्ये त्या बाईंचे स्मारक उभारले. शरदात पाणी सुमारे तेवीस अंशांच्या खाली उतरले, की जाळी समुद्रात सोडतात. आता पाणी उशिरा निवते, म्हणून हंगाम उशिरा सुरू होतो आणि आखूड होतो. आपल्याकडे थंडी लांबली तर गव्हाचे जे होते, तसेच हे. २०२२-२३ च्या हंगामात तर आरिआके समुद्रात पाऊस कमी झाल्याने नद्यांतून खतद्रव्ये कमी आली. जी होती ती पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींनी खाल्ली. नोरी फिकी पडली आणि जपानचे उत्पादन अर्धशतकातील नीचांकाला गेले. प्रत्येक नुकसानीचे खापर उष्णतेवरच फोडू नये, हेही यातून शिकावे.

आता आपल्या कोकणपट्टीकडे येऊ. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात शेवाळाच्या तराफ्यांना आणि दोऱ्यांना साहाय्याची तरतूद करण्यात आली. आपल्या किनाऱ्यावरही ही शेती करण्याचा विचार होत आहे. कोणी किनाऱ्यावरचा भाऊ वा भगिनी यात उतरणार असेल, तर वरच्या साऱ्या हकिकतीतून चार गोष्टी गाठीला बांधाव्या.

पहिली गोष्ट, पाण्याचा रोजचा हिशेब ठेवा. साधा तापमापक घ्या, सकाळी आणि दुपारी ओहोटीच्या वेळी पाण्याचे तापमान वहीत लिहा, आणि तारखेसमोर पिकाचा रंगही नोंदवा. शाळेच्या मुलांना हे काम उत्तम जमते. दोन वर्षांची अशी वही कोणत्याही सल्लागारापेक्षा मोलाची ठरेल. दुसरी गोष्ट, हंगाम ओळखा. आपल्याकडे पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि नद्यांच्या मुखाशी पाण्याचा खारटपणा उतरतो. तेव्हा पीक घ्यायचे ते पावसाळा सरल्यावर, आणि वैशाखाच्या उन्हात दोऱ्या थोड्या खोल सोडता येतील अशी सोय ठेवूनच.

तिसरी गोष्ट, बेण्याची. एकाच जातीवर, एकाच बेण्यावर सारी भिस्त ठेवू नका. सोसणारे बेणे निवडा, बेण्याचा काही साठा वेगळ्या जागी राखा, आणि रोगट तुकडा दिसताच तो काढून टाका. आपल्या खडकांवर नैसर्गिक वाढणारी शेवाळे आहेत, त्यांच्याकडेही लक्ष द्यावे. परक्या जातीने मन्नारच्या आखातातील काही प्रवाळांवर पसरून त्यांना झाकून टाकल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. मालवणसारख्या प्रवाळ असलेल्या जागी हे विशेष जपले पाहिजे. चौथी गोष्ट, शेवाळ हे जोडउत्पन्न समजा. मासेमारी, आंबा, भात यांच्या सोबतीला ते चांगले. त्याच्यावर कर्ज काढून सारे घर टेकवू नका.

एक शेवटचा गैरसमजही काढून टाकू. शेवाळ कर्बवायू खाते, म्हणून भरपूर शेवाळ लावले की समुद्राचे दुखणे बरे होईल, असे काही जण सांगतात. दिवसा शेवाळाच्या शेताभोवती पाण्यातला कर्बवायू कमी होतो आणि सामू थोडा वर चढतो, हे खरे आहे; जवळच्या शिंपल्यांना त्याचा फायदाही होतो. पण रात्री श्वसनाने तो पुन्हा खाली येतो. आणि शेवाळ आपण खाल्ले किंवा ते कुजले, की त्यातला कर्ब हवेत परत जातो. गळक्या छपराखाली पातेले ठेवल्याने जमीन कोरडी राहते, छप्पर दुरुस्त होत नाही. ते दुरुस्त करायचे तर कोळसा आणि तेल जाळणेच कमी व्हायला हवे, आणि ते काम मंडपमच्या किंवा झांजिबारच्या बायकांच्या हातचे नाही. त्यांनी हवेत सोडलेला धूर तो किती! तरी नुकसान आधी त्यांच्या दोरीवर दिसले. त्यांच्या दोरीवरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे, खाणीतल्या माणसाने दिव्याच्या ज्योतीकडे पाहावे तसे, आपण सर्वांनी वेळेवर पाहावे.